कौलांच्या बदल्यात दिलेला पट्टा

आमच्या वस्तादांनी मला फसवलं. कौलांच्या वखारीच्या मालकाच्या मुलालाही फसवलं, आणि त्याला माझ्याहून जास्त.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोडोलीहून कोल्हापुरात येऊन गुळाच्या पेठेत हमाली करत होतो आणि संध्याकाळी तालमीत मर्दानी खेळ शिकत होतो. तिथं दाखले-बिखले नव्हते. हातात कोणतं हत्यार आहे त्यावरून माणसाची पायरी कळायची. आधी काठी, मग फरीगदगा, म्हणजे ढाल आणि छडी, आणि शेवटी पट्टा, म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीची लांब, लवलवती तलवार. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वस्ताद एकाच्याच हाती पट्टा देत. दसऱ्याला त्यानं चारचौघांत, आडव्या झोपलेल्या गड्याच्या पोटावरचं लिंबू कापायचं. आपल्या पात्याखाली कोणी डोळे मिटून झोपतो का, हीच खरी पायरी.

चार वर्षं घाम गाळल्यावर वस्ताद मला म्हणाले, "औंदा तुझा नंबर."

त्या पावसाळ्यात तालमीचं छप्पर बसलं. आखाड्यात नुसता चिखल. घासाघिशीत मला कोणी हरवत नसे, म्हणून वस्तादांनी कौलं आणायला मलाच वखारीत पाठवलं. "पावणं, परवडत न्हाय," म्हणत मालक दोन दिवस हटून बसला. तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "घेऊन जा की." मी फुगून परतलो. एवढ्या सहज कोणी माल सोडत नाही, हे बाजारात वाढलेल्या मला कळायला हवं होतं.

खंडेनवमीला पट्टा वखारीच्या मालकाच्या मुलाच्या हाती गेला; तोही आमच्याच तालमीत यायचा. त्याला फरीगदगाही धड येत नव्हता. मी सगळ्यांदेखत वस्तादांवर ओरडलो. ते मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "कौलं मिळाली न्हवं? तालीम हाय तर पट्टा हाय."

दसऱ्याला त्या मुलापुढं झोपायला एकही गडी तयार होईना. "मला बायकापोरं हायत की," एक जण म्हणाला आणि सगळे हसले. शेवटी वस्ताद स्वतः आडवे झाले, लिंबू पोटावर ठेवलं. "मार की. भिऊ नको."

मुलानं दोनदा पट्टा उचलला, दोनदा खाली घेतला. मग मुठीतून हात काढून माझ्याकडे आला.

"घे, तुझाच हाय. मला वाटलं, वस्तादांनी माझा हात बघून दिला."

"मी उष्टं खात न्हाय," म्हणून मी निघून आलो. तालमीत पुन्हा गेलो नाही. तोही गेला नाही.

चिखलात चाळीस पोरं कशी शिकवायची, ही वस्तादांची अडचण मला आज कळते. मला विचारलं असतं तर भांडून का होईना, मी वर्षभर थांबलो असतो. त्या मुलाला "अजून शीक" एवढंच म्हटलं असतं तर तो शिकलाही असता. हात वाईट नव्हता त्याचा, कच्चा होता.

सौदा दोघांनी केला. वस्ताद वारले. दुसरे, वखारीचे मालक, म्हातारपणीही रोज सकाळी वखारीत बसतात. त्यांनी मला उत्तर दिलं नाही तरी चालेल, मी माझं बघून घेतलं. पण पोटच्या पोराला त्यांनी सांगावं, त्याच्या हातात काय दिलं होतं आणि कशाच्या बदल्यात.