कोलाडपर्यंतचा रस्ता

दादाला जाऊन महिना झाला आणि माझा राग काही उतरत नाही. लोक सांगतात, कुसुमताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. त्याच्याबद्दल चांगलंच लिहिणार आहे. पण काळजीच्या नावाखाली ज्यांनी त्याला घरात कोंडलं, त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला माझा हात धजत नाही.

फोन आमच्या शेजारी आला, भरदुपारी. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "ताई, पेणचा फोन हाय!" आणि मला मेलीला वाटलं, दादा निघाला! पूर्वी निघायच्या आधी तो असाच फोन करायचा, "कुसे, भाकरी टाक गो, निघतोय." ओल्या हातांनी धावत गेले. पलीकडून भाचा, सुनील, नुसताच रडत होता... दादा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. आठवडाभर मान मोडून बसायचं आणि रविवारी उजाडताच सायकलवर टांग मारायची. वडखळ, नागोठणं, सुकेळीची खिंड, कोलाड, की मग रोह्याला माझ्या दारात. कोपऱ्यावर दोनदा घंटी वाजली की मी आत चहा ठेवायची आणि आमचे हे म्हणायचे, "आला बघ तुझा एक्स्प्रेस." ऊन असो, वारा असो, भाऊबीज असो, त्याची सायकल पडवीच्या खांबाला टेकायचीच. "एसटीनं ये की रे," म्हटलं की चिडायचा. "एसटीनं पाहुणा येतो. मी काय पाहुणा हाय?"

गेल्या वर्षी छातीत दुखलं. आठ-दहा दिवस दवाखान्यात काढले. घरी आला तर सुनीलनं जाहीर केलं, "डॉक्टर म्हणाले, रस्त्यावर सायकल बंद. कायमची." व्यायाम हवा म्हणून रामवाडीच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून आणला. मागचं चाक दोन फिरत्या नळ्यांवर, पुढचं लाकडाच्या खाचेत घट्ट बसवलेलं. टायर मात्र दोन्ही कोरे करकरीत घातले, जशी काही गोव्याला जायची होती! पेडल मारलं की घरघर घरघर, आणि माणूस जागच्या जागी. आठवडाभरात दादा कंटाळला. मग सुनीलनं शक्कल लढवली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राला स्कूटरवर मागे बसवून पेणपासून रस्ता कॅमेऱ्यात भरला. समोर टीव्हीवर कॅसेट लावायची आणि दादानं पेडल मारायचं, म्हणजे सायकल त्या रस्त्यानं चाललीय असं वाटावं.

पोरानं मेहनत घेतली, नाही म्हणत नाही. मी बघायला गेले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. त्या शूटिंगवाल्यानं सवयीनं मागे सनई घातलेली, आणि वडखळला म्हशी आडव्या आल्या तर त्यांच्याभोवती बदामाचा आकार! "म्हशीचं लगीन लागतंय गो," दादा म्हणाला. पण खिंड आली तसा तो गंभीर झाला. सीटवरून उठून पेडल दाबायला लागला, धापा टाकायला लागला... अरे, चढ टीव्हीत होता! वहिनी हसली. मला हसू आलं नाही. पुढे कोलाड आलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. शूटिंगवाला तिथं वडे खायला थांबला तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती म्हणे. दादानं घाम पुसला. "रोज कोलाडलाच थांबतो गो. आनि नागोठण्याला सुक्या मासळीचा वास नाय येत. वास नाय तर नागोठणं कसलं?" उरलेला तुकडा भरून आण, असं मी सुनीलला पाच-सहा वेळा तरी बजावलं. "करतो, आत्या. सीझन चालू हाय त्याचा." सगळ्या तालुक्याची लग्नं लागली, पण माझ्या भावाला कोलाड ते रोहा काही मिळालं नाही.

तेराव्याला डॉक्टर भेटायला आले. कोपऱ्यातला स्टँड बघून म्हणाले, "अजून यावरच होते? मी तर पावसाळ्यानंतरच सांगितलं होतं, हळूहळू बाहेर काढा, सोबत कुणीतरी असू द्या." वहिनी पदराशी चाळा करत राहिली. डॉक्टर गेल्यावर सुनील म्हणाला, "आत्या, हायवेला ट्रक किती वाढलेत... बाबांना काय झालं असतं तर?"

"झालं नाय काय मग?" मी ओरडले. "घरात ठेवून वाचवलास काय त्याला? सोबत जायचं होतंस! रोह्यात बहीण काय मेली होती? मी आले असते!" वहिनी हुंदके देत म्हणाली, "मला भ्या वाटायचं गो, कुसुम. रस्त्यावर पडला असता म्हंजे?" तिचं भय खोटं नव्हतं, ते मला कळतं. पण त्याला खोटं सांगायचा अधिकार कुणी दिला हिला? आणि दादा, तूसुद्धा! देवाचे डोळे उघडणारा तू, स्वतः एकदा जाऊन डॉक्टरला विचारता आलं नाही?

सुनील स्टँड भंगारात घालणार होता. मी सायकल सोडवून घेतली. मागचा टायर घासून गुळगुळीत झाला होता. पुढच्यावर मात्र नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते. वर्षभर चालवलेली सायकल, आणि पुढच्या चाकाला मातीचा कण नाही! मी तिथंच बसून रडले.

सायकल एसटीच्या टपावर चढवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडी रोह्याला जाते, कोलाडला का उतरता?" म्हटलं, माझं मी बघते. मला सायकल येत नाही. हँडल धरून चालत निघाले. वाटेत जो तो विचारी, "बाई, पंक्चर झाली काय?"

"नाय, पोचवतेय."

थांबत, बसत, पाणी पीत घराच्या कोपऱ्यावर आले तेव्हा उन्हं कलली होती. पुढचं चाक धुळीनं माखलं होतं. मी घंटी वाजवली, दोनदा. घरात हालचाल नाही. चहा ठेवायला आत धावणारी मीच तर बाहेर सायकल धरून उभी होते.