बियाण्याच्या मिरच्या

फोडणीत मिरची करपली, की मला तोंडवलीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मी सातवीत होते. धाकटा भाऊ तीन दिवस तापाने फणफणत होता, आणि वैशाखातल्या वादळाने खाडी उधाणल्यामुळे डॉक्टरांची होडी येत नव्हती. आई म्हणाली, "चुलीवरच्यो सात मिरच्यो आण गो, दृष्ट काढतंय." त्या मिरच्या मी परसात वाढवून बियाण्यासाठी चुलीवर धुरात टांगून राखल्या होत्या. त्या मोडायला जीव होईना, म्हणून डब्याच्या तळातल्या जुन्या, कीड लागून पांढऱ्या पडलेल्या सात दिल्या. आईने त्या भावावरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. दृष्ट जबर असली की ठसका येत नाही, असं म्हणतात. "कोणाची लागली गो माझ्या झिलाक?" आईने विचारलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण भीतीने नुसतेच निखारे फुंकत राहिले. पहाटे तो गेला. त्या पावसाळ्यात माझं बियाणं एकूण एक रुजलं. शेजारणींना रोपं देताना आई म्हणायची, "हिचो हात बरो आसा." मिरच्यांनी ताप उतरत नाही, हे मी पुढे शिक्षिका होऊन कितीतरी मुलांना शिकवलं. गेल्या महिन्यात आई गेली, तोवर तिला त्या सात मिरच्यांचं सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही.