आसेची काठी

आमच्या घरात तिला नुसतं काठी म्हणत. सागाची, माझ्या उंचीहून हातभर लांब. एका टोकाला खिळा आडवा ठोकलेला आणि दुसऱ्या टोकाकडून सरकणारा एक लाकडी ठोकळा. ठोकळा हवा तिथं आणून पाचर मारली की तो हलत नसे. गाडीच्या आसेवर दोन्ही चाकं चढली की माझा नवरा ती काठी गाडीखालून आडवी धरायचा, चाकांच्या पुढच्या कडांना खिळा आणि ठोकळा टेकवून पाचर मारायचा, आणि मग तीच काठी तशीच उचलून मागच्या कडांना लावून पाहायचा. दोन्हीकडं माप सारखं आलं की गाडी सरळ चालणार. पुढं जास्त आणि मागं कमी आलं, तर चाकं चालताना बाहेर पळतात, सगळा जोर आसेच्या टोकाला घातलेल्या खिळीवर येतो, आणि खीळ तुटली की चाक निघून जातं. फरक डोळ्याला दिसत नाही. तो काठीलाच कळतो.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हापासून मी हे रोज पाहत होते, पण काठीला हात लावायची वेळ आली नव्हती. ती आली कापसाच्या त्या वर्षांत. दूरच्या कुठल्या मुलखात लढाई लागलीय आणि तिकडचा कापूस बंद पडलाय, असं बाजारात बोलत. आम्हाला त्यातलं एवढंच कळायचं, की ज्याच्या काळ्या रानात कापूस त्याला नवी गाडी हवी, आणि तीही लगेच. आगगाडी यायची होती, पण अजून तिच्या रुळांखालची मातीच पडत होती. रुईचे गठ्ठे बैलगाडीनंच अकोल्याकडं जात. राजापेठच्या अंगाला आमचं आवार होतं, तिथं एका वेळी चार चार गाड्या अर्ध्या होऊन उभ्या असायच्या.

त्या हंगामात नवरा मला मधूनच हाक मारू लागला. "पाह्य बरं, ठोकळा टेकला का?" मी ओले हात पुसत जायची, वाकून पाहायची, टेकला म्हणायची. आधी वाटलं, कामाची घाई आहे. मग एकदा ऐन दुपारी, लख्ख उन्हात, त्यानं पायाशी पडलेली पाचर हातानं चाचपून शोधली. मी दारात उभी राहून पाहत होते.

"अवो, तुमाले दिसून नाई रायलं का?"

तो पाचर पुसत राहिला. "दिसते. कडंकडंनं दिसते. मधात धूर हाये."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. कोनाले सांगू नको."

वैद्याचं अंजन घालून झालं होतं. मला न सांगता. सुताराचे डोळे गेले हे एकदा रस्त्यावर पोचलं, की आवारात गाडी येणार नाही, हे तो जाणून होता आणि मीही.

तेव्हापासून मोजायचं काम माझ्याकडं आलं. तासताना वाकस आणि खाचा पाडताना पटाशी तो हातांच्या सवयीनं चालवायचा. आरे बसवायचा, सांधे बोटानं तपासायचा, त्यात कधी चूक सापडली नाही. काठी मात्र माझ्या हातात. गिऱ्हाईक जेवायला गेलं, किंवा एखादी कडी आणायला लोहाराकडं गेलं, की आम्ही ते उरकून घ्यायचो. तो चाकावर पंजा ठेवून उकिडवा बसायचा आणि मी काठीवर कोरलेल्या सुतासुताच्या बारीक खुणा वाचायची. मी एकदा मोजून थांबत नव्हते. मोजून झालं की पाचर काढायची आणि पहिल्यापासून धरायची. तरी गाडी आवाराबाहेर पडली की मी तिच्यामागं रस्त्यापर्यंत जायची. वळणाआड जाईपर्यंत मी तिची चाकं पाहत उभी राहायची. रस्त्यानं कुणी ओरडलं तरी वाटायचं, आपल्याच गाडीचं काहीतरी झालं.

अशात माझा थोरला भाऊ आला. त्याची शेती बडनेऱ्याच्या पलीकडं. वडील गेल्यावर त्यानंच मला सासरी पाठवलं होतं. त्याला नवी गाडी हवी होती, आणि ती दुसऱ्या कुणाकडून घ्यायची हे त्याच्या मनातही येणार नव्हतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "दादाले सांगू आपन."

"त्याले सांगतलं तर तो घरी सांगन. घरचे गावात सांगतीन."

मी तो विषय सोडला. गाडी तयार झाली. आस बसवायच्या दिवशी भाऊ तिथून हलेना. त्याला सगळं पाहायचं होतं. शेवटी नवऱ्यानं त्याला एक कडी आणायला लोहाराकडं धाडलं, आणि तो दिसेनासा होताच आम्ही काठी काढली. पुढून लावली, मागून लावली. सारखं आलं. पाचर काढून पुन्हा लावली. सारखंच आलं. भाऊ परत आला तेव्हा मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. "बाई, गाडी झकास झाली," तो म्हणाला. मी मान हलवली.

वेचणी उरकून रुई भरून तो अकोल्याला निघाला तेव्हा गाडी आमच्या दारावरून नेली नाही, तिकडूनच गेला. मला ते उशिरा कळलं. कळल्यापासून जेवणात चव राहिली नाही. पाणी भरताना, दळताना, मनात तेच चाललेलं. आता मूर्तिजापूर मागं पडलं असेल. आता काटेपूर्णा नदीचा उतार. दुसऱ्यांदा मोजताना ऊन डोळ्यांवर होतं का? ठोकळा उचलताना हलला तर नसेल? आठवून आठवून मला खरं काय घडलं तेच कळेनासं झालं.

एके सकाळी अकोल्याहून रिकामी परतलेली गाडी आमच्या आवारात वंगणासाठी थांबली. गाडीवान पाणी पिता पिता म्हणाला, "काटेपूर्णेच्या उतारावर गाडी उलटली. नवी कोरी होती. उजवं चाक निघून गेलं. मानूस दबला म्हनतेत."

"बैल कसे होते?" मी विचारलं.

"एक ढवळा. एकाचं शिंग मोडलेलं."

मोडक्या शिंगाचा बैल भावाचा होता. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. नवरा उठून आत गेला, भिंत चाचपत काठी काढली आणि माझ्याजवळ दिली. त्या गाडीवानाचा सोबती रुई घेऊन त्याच वाटेनं निघणार होता. त्यानं आम्हाला बसवून घेतलं.

ती वाट मला नीट आठवत नाही. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाटीची रानं आणि समोरून गाड्यांमागून गाड्या येणाऱ्या. प्रत्येक गाडीवानाला विचारावंसं वाटायचं आणि विचारायची भीतीही वाटायची. नवरा गठ्ठ्याला टेकून डोळे मिटून बसला होता. एकदाच म्हणाला, "तू तीनदा मोजलं होतं." मी म्हटलं, "दोनदा." रात्री वाटेतल्या गावात मुक्काम झाला.

काटेपूर्णेला पोचलो तेव्हा उतारावर गाडी एका अंगावर कललेली दिसली. रुई कुणीतरी उतरवून नेलेली. धुणं धुणाऱ्या एका बाईला मी लांबूनच विचारलं, "गाडीवान?"

"जित्ता हाये. पलीकडच्या गावात, त्या निंबाच्या घरी."

मी नदीत कधी उतरले आणि पलीकडं कधी निघाले, मला कळलं नाही. नवरा मागून कुणाचा तरी हात धरून आला. भाऊ एका शेतकऱ्याच्या ओसरीवर पडला होता. मोडलेल्या पायाला बांबूच्या खपच्या बांधलेल्या, चेहरा काळवंडलेला. मला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं तोंड फिरवलं. मग नवऱ्याकडं पाहून विचारलं, "जवाई, चाक कसं गेलं हो? मी खीळ रोज पाह्यत होतो."

मला वाटलं, नवरा आता रस्त्याला किंवा बैलाला दोष देईल. तो खाली बसला, भावाचा हात कुठं आहे ते शोधून त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, मले दिसत नाई. दिवाळीपासून. चाकाचं माप तुयी बहीण घेते. तुया गाडीचं बी तिनंच घेतलं. तुले लोहाराकडं त्याच्यासाठी धाडलं होतं."

ओसरीवर घरधनी होता, शेजारचे दोघं होते. भाऊ माझ्याकडं बघत राहिला.

"काहून नाई सांगतलं मले?"

मी त्याच्या उशाशी बसले.

"मी परका हाओ का?" तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या काठीकडं पाहून, "जा. मोजून या. आन जे हाये तेच सांगा."

घरधन्यानं दोन माणसं दिली. त्यांनी गाडी उचलून धरली, चाकाच्या मधल्या तुंब्यात आस घालून ते परत चढवलं, आणि मी काठी लावली. पुढून लावून पाचर मारली. मागं नेली. ठोकळा चाकाच्या कडेबाहेर राहिला, दोन सूत अंतर. पुढं जास्त, मागं कमी.

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"दोन सूत. पुढं जास्त हाये." पुन्हा लावली. तेच आलं. मी तिथंच मातीत बसले. माझ्या भावाचा पाय मी मोडला होता, आणि आता ते त्याला जाऊन सांगायचं होतं.

नवऱ्यानं माणसांना चाक काढायला लावलं. आसेच्या टोकावरून त्यानं अंगठा फिरवला, हळूहळू, एका जागी थांबला. "वाकली हाये. इथं मार बसला हाये. दगडाचा."

"मले बरं वाटावं म्हनून नका सांगू," मी म्हणाले.

त्यानं माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. लोखंडात एक खोल ओरखडा होता, आतून चमकणारा, कडा अजून धारदार. तरी माझा विश्वास बसेना. त्याचं माझ्यावर प्रेम होतं, आणि त्या घडीला तेच मला नको होतं. मी माणसांकडून आस उतरवून घेतली आणि गावातल्या लोहाराकडं नेली. त्याला आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्यानं ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "दगडावर आपटली. वाकली, मंग चाक बाहेर पळालं, मंग खीळ तुटली. त्या उतारावर अशा लय येतेत." मी त्याला पुन्हा विचारलं. तो वैतागला. "बाई, सांगून तर रायलो."

भावाला सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. "हो. एक दगड लागला होता," तो म्हणाला. "एवढ्यानं काय होते म्हनून मी हाकत नेली."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. दोष माझा नव्हता, पण असता तर काय, हे मी एकदा पाहून घेतलं होतं. पुढं कितीतरी वर्षं काठी हातात धरली की ते दोन सूत अंतर माझ्या डोळ्यांपुढं यायचं.

ओसरीवरचं बोलणं आमच्याआधी अमरावतीला पोचलं. गाडीवानांच्या तोंडून गोष्ट फार लवकर चालते. आंधळा सुतार आणि मोजणारी बाई. आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात दोघा गिऱ्हाइकांनी आपल्या अर्ध्या गाड्या दुसऱ्या आवारात ओढत नेल्या. विहिरीवर बाया माझ्याशी बोलायच्या, पण मी निघाले की मागं हसणं ऐकू यायचं. नवरा दिवसभर दारात बसून कुणी येतंय का ते ऐकत राहायचा. घरातलं धान्य पाहून मी रात्रीचा स्वयंपाक कमी करू लागले.

भावाचा पाय बरा व्हायला वेळ लागला. थोडा लंगडत तो आमच्याकडं आला तो लोहाराकडून आस सरळ करून नवी खीळ घातलेली तीच गाडी घेऊनच, आणि तेही बाजाराच्या दिवशी. सोबत ओळखीचे चार गाडीवान आणले. आवारात मधोमध गाडी उभी केली आणि मला हाक मारली, "बाई, काठी आन."

मी दारातच थांबले. "इतक्या मानसांत?"

"मानसांतच."

मी पदर खोचला आणि बाहेर आले. नवरा चाकावर पंजा ठेवून बसला, नेहमीसारखा. मी काठी लावली, पाचर मारली, मागं नेली. एका गाडीवानानं स्वतः वाकून पाहिलं. दुसरा म्हणाला, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर होते, आणि दोन्ही वेळा माप सारखं आलं. कुणी वा म्हटलं नाही. एकानं जाताना नवऱ्याला आपली गाडी कधी आणू ते विचारलं, एवढंच.

भाऊ त्याच गाडीत रुई भरून पुन्हा अकोल्याला गेला. मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं, दुसऱ्याला धाड म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही. तो परत येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. वंगणासाठी कुणी थांबलं की मी आत निघून जायची, बातमी ऐकावी लागू नये म्हणून. नवरा मात्र प्रत्येकाला विचारायचा.

मग एका दुपारी गाडी आवारात शिरली. भाऊ खाली उतरला, बैल सोडले, ओट्यावर बसून पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि चाकांकडं पाहत उभी राहिले.

"अकोल्याच्या मोर्णा नदीपर्यंत काई झालं नाई," तो म्हणाला. "येतानी डावं चाक जराक बोलत होतं. वंगण दे."

नवरा उठला आणि वंगणाचं भांडं घेऊन डाव्या चाकापाशी गेला.