बेलच्या बटणाची पूजा

गंगापूर रोडला आमच्या शेजारी मालनबाई राहतात, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवतात. त्यांचे यजमान सहादूभाऊ इगतपुरीला रेल्वेत होते. त्यांची हाक अख्ख्या यार्डात ऐकू जायची, असं मालनबाई अजून कौतुकानं सांगतात. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला डावा हात.

म्हणून मी त्यांच्या खाटेला बॅटरीवरची बेल बसवून दिली. बटणात जादू कसली? आत पितळेच्या दोन पट्ट्या, मध्ये जेमतेम फट आणि एक स्प्रिंग. दाबलं की पट्ट्या भेटतात, वीज वाहते, बेल वाजते. अंगठा उचलला की स्प्रिंग बटण वर ढकलते, पट्ट्या दुरावतात, बेल गप्प. भाऊ पाण्यासाठी वाजवायचे आणि उगाचही वाजवायचे. "आले, आले! लय घाई तुम्हाला," म्हणत मालनबाई मशीन सोडून पळायच्या. खरं तर त्यांना ते आवडायचं.

गेल्या दसऱ्याला त्यांनी शिलाई मशीन, कात्री, मिक्सर सगळं पुजलं. मग बेलच्या बटणालाही भिजवलेली हळद आणि कुंकू लावलं. घरात सगळ्यात कामाचं तेच, त्याला कसं वगळणार?

दुसऱ्या दिवशी दुपारभर बेल वाजली नाही. झोपलेत वाटतं, म्हणून त्या शिवत राहिल्या. चहा घेऊन आत गेल्या तर अंथरूण ओलं, अंगठा बटणावर दाबलेला आणि भाऊंच्या डोळ्यांतून धारा.

मी बटण उघडलं. पट्ट्यांवर वाळलेल्या हळदीचा थर बसला होता. कशाला नसते उद्योग करता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मालनबाई पदरानं भाऊंचे डोळे पुसत म्हणत होत्या, "तुम्ही हाका मारीत होता, अन् मी तिकडं हुक लावीत बसले." माझा राग जागच्या जागी विरला. पट्ट्या घासून दिल्या.

यंदा दसऱ्याला बजावायलाच गेलो. बटण कोरडं होतं. मालनबाईंनी भाऊंचा डावा अंगठा हातात घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि नमस्कार केला. भाऊंनी तोच ओला अंगठा बटणावर टेकवला. मी ओरडणार, तेवढ्यात बेल वाजू लागली.

"अहो, हितंच तर हाय ना मी!" मालनबाई हसत म्हणाल्या.

भाऊ अंगठा उचलेनात. पट्ट्या काय, उद्या पुन्हा घासता येतील.