गयाबाईचे जावई आणि न जुळणारा स्विच

जगातल्या साऱ्या माणसांनी उद्यापासून काळजी करणं सोडलं तरी काही अडणार नाही. आमच्या शेजारणीचे, गयाबाईचे, जावई एकटे सगळ्यांच्या वाटची काळजी करतील आणि वर विचारतील, कुणाची राहिली तर नाही ना. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी सापाला भितं, कुणी पोलिसाला, कुणी बायकोला. ह्या माणसाला जे अजून झालेलंच नाही त्याची भीती वाटते, आणि दिवसभरात ते झालं नाही की जास्तच वाटते.

ते वाशिमकडचे, कंपनी पुण्याची. गयाबाईची लेक सुनीता आमच्या शिरड शहापूरला नर्स आहे. लग्न झाल्यापासून नवरा पुण्यात आणि बायको इथं, असा संसार चालला होता. मग कंपनीनं त्यांना गावाकडून काम करायची परवानगी दिली, पण कामात काही खोट आली तर परत यावं लागेल असं बजावून. गयाबाईच्या पत्र्याच्या घरात मोबाईलला रेंज नाही. माझ्या माडीवर लेकानं वायरीचं नेट घेतलेलं होतं. म्हणून माडीवरची खोली त्यांनी घेतली आणि रोज सकाळी माझ्या डोक्यावर येऊन बसू लागले. खाली मी, वर त्यांची काळजी. पावलांवरून मला कळायचं आज किती आहे ते.

लाईटची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती. इन्व्हर्टर होता, त्याच्या मागे दुसरा होता, तरी गावच्या लाइनमनशी त्यांनी अशी दोस्ती केली होती की सख्खा भाऊ करणार नाही. लाइनमनच्या लेकराला ताप आला तर ह्यांचं जेवण जात नसे. सुनीताकडून गोळ्या घेऊन स्वतः पोचवायला जात. आभाळात एक ढग दिसला की जिन्यावरून हाक यायची, ‘‘मावशी, हा पावसाचा हाय का नुसताच?’’ मी म्हणे, ‘‘मला काय इचारता? मी पाठवला का त्याला?’’ तर म्हणत, ‘‘न्हाई, तुमाला अनुभव हाय.’’ खोलीला कुलूप लावून खाली येत, अंगण ओलांडत, परत वर जाऊन कुलूप ओढून पाहत. एकदा माझ्यासमोर ओढून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘‘तुमी बी एकदा ओढून बघा.’’ कंपनीतल्या त्यांच्या वरच्या बाई, ज्यांना ते नुसतं मॅडम म्हणत, फोनवर बोलायला लागल्या की हे खुर्चीवरून उठून उभे राहत. कॅमेरा बंद असला तरी. मी चहा घेऊन गेले की बसा म्हणून खूण करायची, तर हे मान हलवत, मॅडमचं संपू द्या.

आणि नाही म्हणणं त्यांना ठाऊक नव्हतं. सासुरवाडीला आल्या आल्या ‘कारलं चांगलं झालंय’ असं एकदा बोलून गेले, तर गयाबाईनं वेल वाळेपर्यंत त्यांच्या ताटात कारलं वाढलं. मला जिन्यात सांगत, ‘‘मावशी, पोटात आग होऊन राहिली.’’ मी म्हणे, ‘‘मग सांगा की सासूला.’’ ‘‘कसं सांगू? त्यायला वाईट वाटंल.’’ मी सांगते म्हटलं तर हात जोडले.

काम काय करता, हे मी एकदा नीट विचारलं. मी चौथी शिकलेली, पण ऐकायला बसले तर समजतं. त्यांनी सांगितलं ते असं. कुठंतरी थंड खोलीत मोठमोठ्या मशिनी आहेत. एकेका मशिनीच्या पोटात पुष्कळ मशिनी चालतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत. अशा मोठ्या मशिनींचा एक कळप केला की त्याला क्लस्टर म्हणायचं. हे सारे कळप क्लाऊडच्या एका सॉफ्टवेअरच्या हाताखाली असतात. पोटातल्या मशिनींना एकमेकींशी बोलायला आत एक स्विच लागतो, तोही डोळ्याला न दिसणारा. ‘‘मंजी जे दिसत न्हाई त्याच्यावर तुमी दिवसभर डोळे लावून बसता,’’ मी म्हटलं. ‘‘बराबर,’’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा हसले. ‘‘म्हणूनच भ्या वाटतं.’’

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. धोंड्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, अनारशाचं वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे देव, आणि देव जेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालत नाही. तसंच, धोंड्यात नवीन काही सुरू करायचं नाही, हेही आहे. गयाबाई ह्या बाबतीत फार कडक. तिनं जावयाला आधीच सांगून ठेवलं, ‘‘जावईबापू, ह्या महिन्यात नवं काई जोडू-बिडू नका.’’ हे म्हणाले, ‘‘न्हाई जोडत.’’ त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला, की नवा क्लस्टर रविवारी जोडायचा, रविवारी गर्दी कमी असते. हे उभे राहून म्हणाले, ‘‘हो मॅडम, जोडतो.’’ आणि सुनीताला रविवारीच सुट्टी, म्हणून गयाबाईनं जेवण ठरवलं तेही रविवारी. त्यालाही हे हो म्हणाले. दोन्ही बायांना हो म्हणून मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘मावशी, सासूबाईला सांगू नका. मिटिंग हाय म्हणा. एका घंट्याचं तर काम हाय.’’

रविवारी ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. ते सकाळीच वर जाऊन बसले. गयाबाईच्या घरून पुरणाचा वास येत होता. जेवायची वेळ झाली, टळून गेली. वर पावलांचा आवाज थांबला होता. चालत होते तोवर मला काही वाटलं नव्हतं, थांबल्यावर वाटलं. गयाबाईचा भाऊ कळमनुरीहून जेवायला आला होता, जनावरांचा व्यापार करणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो माझ्या दारात येऊन ओरडला, ‘‘ओ मावशी, ही मिटिंग हाय का ग्रामसभा? ग्रामसभा बी जेवायला सुटती!’’ सुनीता दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेली. नवरा कामात असला की वर जायचं नाही, असं तिचं तिनंच ठरवलेलं. शेवटी गयाबाई स्वतः आली आणि माझ्या पायरीवर बसली. तिला साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतलेली, पोटात अन्न नाही. मी म्हटलं, ‘‘गये, दोन घास खाऊन घे. जावई काई देव न्हाई.’’ ‘‘धोंड्यात देवच असतो,’’ ती म्हणाली. बोलता बोलता तिची जीभ जड झाली. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, सुनीताला हाक मारली आणि लेकीच्या हाती तिला सोपवून जिना चढले.

ते पडद्यासमोर बसले होते. अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटला होता. पडद्यावर तांबड्या अक्षरांत काहीतरी आलेलं. मी म्हटलं, ‘‘काय झालं?’’

‘‘जोडल्या जाईना मावशी. पासवर्ड पाहिला, तिकडल्या माणसाला वायरी पाहायला लावल्या, सारं पाहिलं.’’

‘‘आणि काय झालंय ते कळलं का न्हाई?’’

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘कळलं. सकाळीच कळलं.’’

‘‘मंग बसले काहून?’’

तेव्हा त्यांनी सांगितलं. जुन्या कळपांत प्रत्येक मशिनीचा आपापला साधा स्विच होता, जशी घराघराची आपापली चूल. क्लाऊडच्या सॉफ्टवेअरला पहिल्या दिवसापासून तेवढंच सांगितलेलं, की घरात जा, चूल बघ. नव्या कळपाला ह्यांनी भारीतला स्विच घातला. साऱ्या मशिनींत मिळून एकच, म्हणजे साऱ्या आळीचं एकच स्वयंपाकघर. नव्याला चांगलं ते द्यावं म्हणून घातला, कुणाला न विचारता. आता सॉफ्टवेअर घरोघर जाऊन चूल शोधत होतं, सापडत नव्हती, आणि ते कळपाला आत घेत नव्हतं. ‘‘माझीच चूक हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मॅडमला सांगितलं तर पुण्याला बोलावतील.’’

‘‘मंग काय करणार?’’

‘‘एक सेटिंग हाय.’’ त्यांचं बोट बटणावर होतं. ‘‘ती बदलली की सॉफ्टवेअर भारीचा स्विच मानंल. नवा कळप आत येईल, कुणाला कळणार न्हाई. पण जुन्यायचं काय होईल ते मला माहीत न्हाई. त्याच्यावर एका दवाखान्याचं काम चालू हाय.’’

मला स्विचमधलं काही कळत नाही आणि मी कळल्यासारखं केलंही नाही. मी म्हटलं, ‘‘खाली तुमच्या सासूला चक्कर आली. मी गूळ घातला म्हणून बरी हाय. तुमी जेवले न्हाई म्हणून ती जेवली न्हाई, आणि तुमाला तोंड उघडायला भ्या वाटतं म्हणून तुमी जेवले न्हाई. आता ते बोट काढा तिथून आणि फोन लावा.’’

त्यांचं तोंड पांढरं पडलं. फोन लावला तेव्हा उभे राहिले, पण भिंतीला धरून. ‘‘मॅडम,’’ म्हणाले, ‘‘माझ्याकडून चुकलं. नव्या क्लस्टरचा स्विच जुन्यांशी जुळत नाही. मी जुळणारे टाकले नाहीत. आज होणार नाही.’’ मॅडमला ते ‘नाही’ म्हणालेले मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि एका दमात तीनदा ऐकलं. फोनमधून मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘जुनं सगळं चालू आहे ना? काही बदललं का?’’ ‘‘नाही मॅडम.’’ ‘‘मग नवीन आहे तसं बाजूला राहू दे. जेवलात का?’’ ते माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘न्हाई जेवले.’’

ते जिना उतरले ते सरळ गयाबाईच्या पायाशी जाऊन बसले. ती ‘जावयानं पाया पडू नये’ म्हणून पाय ओढून घेत होती आणि हे सोडत नव्हते. मग पानं वाढली. गयाबाई तशातही पुढं येऊन आणखी एक धोंडा वाढायला लागली, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘‘पुरे.’’ गयाबाईला वाटलं पुरण बिघडलं. तिच्या भावानं तिला समजावलं, ‘‘अगं, माणूस हाय तो, पोतं न्हाई. भरून राहिली!’’

पुढल्या दोन-तीन दिवसांत त्यांनी नव्या मशिनींतला भारीचा स्विच काढला, साधे घातले, आणि कळप बिनबोभाट आत गेला. धोंडा चालू असतानाच. गयाबाईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. आणि मग पुण्याचं बोलावणं आलंच. मॅडमनं रागानं नाही बोलावलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला अडलं की विचारायला शेजारी माणूस असलेलं बरं. मला त्यात काही चूक दिसत नाही. सुनीताची नोकरी इथली, तिची बदली होईल तेव्हा होईल. संसार पुन्हा होता तसा झाला.

जायच्या दिवशी आम्ही त्यांना एस.टी.वर पोचवायला गेलो. सुनीता पिशवी धरून उभी होती, नवऱ्याकडे बघत नव्हती. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘मावशी, मी तवा फोन केला नसता तर?’’

‘‘तर तुमी आज इथंच असते,’’ मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

त्यांनी मान हलवली. जरा थांबून म्हणाले, ‘‘पण फोन केला त्या रात्री झोप चांगली लागली होती.’’ मी म्हटलं, ‘‘गाडी आली. चढा.’’

गाडी गेली. सुनीता तिथूनच ड्यूटीवर गेली. गयाबाई डोळ्याला पदर लावून उभी होती, तिला मी म्हटलं, चल, ऊन झालं. घरी आले, पाणी प्यायले, आणि उगाच माडीवर जाऊन आले. वर काही काम नव्हतं.