झेंडूचे तबक
झेंडूचा वास आला की उत्तरेकडे सीतापुऱ्यातल्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातला महिला दिन आठवतो. रंगाचे सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत मी शोधली होती. एक सहकारी पाहुण्यांना ती पद्धत समजावत होता आणि माझ्या हाती झेंडूंनी सजवलेले ओवाळण्याचे तबक होते. त्याने आम्लतेचा आकडा चुकवला, तेव्हा तबक धरूनच मी तो दुरुस्त केला. पाहुणे हसले, "अरे वाह, मॅडम को भी पता है!" कारखान्याच्या परतीच्या बसमध्ये सहकाऱ्यांपैकी माझ्या शेजारी कुणीच बसले नाही. घरी फोन केला, तर आईने उत्साहाने विचारले, "साडी कोणती नेसली होतीस गं?" मी म्हटले, "मोरपंखी." आता पाहुण्यांना ती पद्धत मीच समजावते, आणि फोनवर आईला अजूनही साडीचाच रंग सांगते.