सुंदराबाईचा हाडमोड्या ताप

डिलाईल रोडच्या चाळीत सुंदराबाई बोलायला लागली की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात खडखडाटावर आवाज चढवून तिचा गळा तसा झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायला बायका तिलाच पुढे काढत. छप्पन साली दसऱ्याला बाबासाहेब नागपुरात दीक्षा देणार, असं कळलं तेव्हा चाळीत सगळ्यांत आधी पांढरं लुगडं आणलं तेही तिनंच.

आणि ऐन निघायच्या तोंडावर तिला तापानं गाठलं. डोळ्यांच्या खोबणी ठणकायच्या, कूस बदलवायची नाही.

"कुणी उखळात घालून कांडलंय जणू मला," ती नवऱ्याला म्हणाली. कोंडीरामनं तिला परळच्या इस्पितळात नेलं.

रक्त तपासणारा डॉक्टर मनमोहन हा गिरगावातल्या जुन्या, सुखवस्तू घराण्यातला तरुण. तिच्या बोटाला सुई टोचून त्यानं थेंब काचेवर घेतला, बराच वेळ पाहिला.

"मलेरिया नाही. डेंग्यू दिसतोय, हाडमोड्या ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटल्यात. पेज, पाणी भरपूर घ्या आणि पडून राहा."

काही दिवसांनी ताप उतरला. सुंदराबाईनं लागलीच गाठोडं बांधायला घेतलं. पण मशेरी लावताना हिरड्यांतून रक्त आलं, तसं कोंडीरामनं गाठोडं काढून घेतलं आणि पुन्हा इस्पितळ गाठलं.

"ताप गेला म्हणजे दुखणं गेलं, असं यात नसतं," मनमोहन म्हणाला. "रक्त गोठवणारे बारीक कणही कमी झालेत. इतक्यात प्रवास नको."

"दसरा काय माझ्यासाठी थांबणार हाय, डाक्टर?"

"रोज रक्त बघू. पेशी वाढायला लागल्या की मीच सांगेन, जा म्हणून."

चाळीतली मंडळी पुढे गेली. सुंदराबाई रोज बोट पुढे करायची आणि रोज तोंड पाडून परतायची. एके दिवशी ती हटूनच बसली. "मला अडवतंय कोण ते दाखवा तरी."

मनमोहननं हसत तिला मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसवलं. लाल चकत्यांची दाटी आणि मधूनच एखादी जांभळ्या ठिपक्याची पांढरी पेशी. ती बघतच राहिली.

"आणि तुमचं कसं दिसतं?"

मग स्वतःच्या बोटाला सुई टोचून त्यानं दुसरी काच तयार केली. सुंदराबाईनं आधी ही पाहिली, मग ती. गावी तिच्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, ते तिला आठवलं.

"लाल तर अगदी सारखंच हाय," ती सावकाश म्हणाली. "जांभळ्या तेवढ्या तुमच्यात जास्त."

"त्या तुमच्यातही येतील."

"मग काय फरक राहिला?" म्हणत ती अशी खळखळून हसली, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

दुसऱ्या दिवशी मनमोहन स्वतःच बाहेर आला. "पेशी वाढताहेत, सुंदराबाई. कणही. जपून जा, पण जा."

सुंदराबाई नि कोंडीरामला गाडीत जेमतेम टेकायला जागा मिळाली. नागपूरच्या मैदानावर नजर पोचेल तिथवर पांढरी लुगडी, पांढरे सदरे. शपथा म्हणायची वेळ आली तेव्हा सुंदराबाईला वाटलं, दुखण्यानं आपला आवाज बसला असेल. पहिल्याच ओळीला पुढच्या चार रांगांनी मागे वळून पाहिलं. कोंडीराम डोळे पुसता पुसता हसू लागला.

परतल्यावर ती हिरवट संत्र्यांची पिशवी घेऊन इस्पितळात गेली. मनमोहननं तिथंच एक सोलून अर्धं तिच्या हातावर ठेवलं. आंबटढाण होतं; दोघांनी डोळे घट्ट मिटत खाल्लं.

पुढे चाळीत कुणालाही ताप आला, की सुंदराबाई त्याला हाताला धरून परळला न्यायची. "थेंबभर रक्ताला काय भ्यायचं?" ती वाटभर समजवायची. "आत बघायला लई मजा येते."